पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही? आधी बघूया, अडलं कुठे!



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या प्रत्येक शाळेत कधी ना कधी येणारा आहे. शाळेतला संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. तालुक्याच्या दुकानात नेला की एकच उत्तर मिळतं, "मॅडम, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान हलवतो आणि त्यातले फोटो, निकालपत्रकं, मुलांचे प्रकल्प सगळं एका क्षणात पुसलं जातं.

माझ्यावर हीच वेळ आली होती. लोकसहभागातून मिळालेला आमचा जुना संगणक. त्यात चौथीच्या मुलांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मुलांनी आपापल्या आज्ज्यांना गायला लावून मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि मी त्या संगणकात भरून ठेवल्या. एकूण ११ फाइल. मोबाईल पुढे बदलला, तिथल्या गेल्या. त्यातल्या एका आजी त्यानंतर वारल्या. त्यांची नात तेव्हा माझ्याच वर्गात होती. आणि संगणक सकाळी 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं दाखवून पुन्हा पुन्हा स्वतःच बंद-चालू होत राहिला.

दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला संगणक चालू करून द्यायचा होता, मला ओव्या हव्या होत्या. ही दोन वेगळी कामं आहेत हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. डी.एड. आणि नंतर एमएस-सीआयटी एवढंच माझं संगणकाचं शिक्षण. तरीही दोन संध्याकाळ खर्च करून मी तो संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला. त्यात ज्या ज्या चुका केल्या, त्या तुम्हाला करायला लागू नयेत म्हणून हा लेख.

संगणक सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या शाळेची सकाळ डोळ्यासमोर आणा. बऱ्याच शाळांत शिपाई नसतो. जो आधी पोचतो तो कुलूप उघडतो. आत जाऊन बघतो, वर्ग ठीक आहेत ना, लाइट आहे ना. मग फळ्यावर परिपाठाच्या पाळ्यांची यादी वाचतो. आज पहिला गट कोणता? तो हजर असेल तर परिपाठ त्याच्या हाती देतो. नसेल तर दुसरा गट. कोणीच नसेल तर मुलं नुसती रांगेत उभी.

संगणकात अगदी हेच घडतं. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम आधी जागा होतो. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. हा आपला कुलूप उघडणारा. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो. मग यादी वाचतो: आधी हार्ड डिस्क, मग डीव्हीडी, मग यूएसबी. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. ज्याच्यावर सुरू होण्यासारखं काही सापडेल त्याच्या हाती कारभार देऊन तो बाजूला होतो. विंडोज किंवा लिनक्स हे परिपाठ घेणारे गट.

विंडोज बिघडलं म्हणजे रोजचा गट आजारी पडला. शाळेची इमारत आणि कपाटातली दफ्तरं जागेवरच आहेत. अशा वेळी पेनड्राइव्हवर दुसरा गट आणायचा, त्याच्याकडून शाळा उघडून घ्यायची आणि कपाटातलं हवं ते काढून घ्यायचं. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणं म्हणजे एवढंच. यात हार्ड डिस्कवर काहीही लिहावं लागत नाही.

हे जमत नसेल तर घाईने दहा ठिकाणी बोट लावू नका. फक्त तीन प्रश्न विचारा:

१. पाहुणा गट यादीत दिसतोय का?
२. यादीत दिसतोय, पण त्याला परिपाठ सुरू करता येतोय का?
३. सुरू केला, पण मध्येच थांबला का?

प्रत्येक प्रश्नाची दुरुस्ती वेगळी आहे. कुठे अडलं ते कळलं की अर्धं काम झालं.

पेनड्राइव्ह आधी नीट तयार हवा

साहित्य: एक ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, दुसरा एक चालू स्थितीतला संगणक, इंटरनेट, आणि फाइल काढून घ्यायला आणखी एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क. पहिल्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा त्यात काही महत्त्वाचं ठेवू नका.

कोणती प्रणाली घ्यायची? २ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. रॅम १ जीबीच्या आसपास असेल तर अँटीएक्स ही हलकी प्रणाली घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालतात. लिनक्स हे नाव ऐकून बिचकू नका. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकत आहेत.

या प्रणालीची एक मोठी फाइल मिळते, तिला आयएसओ फाइल म्हणतात. इथे माझी पहिली चूक झाली. मी ती फाइल गाणं कॉपी करतात तशी पेनड्राइव्हवर कॉपी केली. संगणकाने ढुंकूनही पाहिलं नाही. का? कारण आयएसओ म्हणजे बांधून ठेवलेलं गाठोडं. ते उघडून आतल्या वस्तू ठरलेल्या जागी मांडाव्या लागतात, तेव्हा बायोसला त्या सापडतात. हे मांडण्याचं काम रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम करतो. तो विंडोजवर चालतो. पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ निवडायची, आणि खालच्या दोन गोष्टी बघायच्या:

- पार्टिशन स्कीम: इथे एमबीआर ठेवा.
- टार्गेट सिस्टीम: एमबीआर निवडल्यावर तिथे बायोस किंवा यूईएफआय असं दिसतं. म्हणजे हा पेनड्राइव्ह जुन्या आणि नव्या दोन्ही संगणकांवर चालावा.

जीपीटी निवडलं तर पेनड्राइव्ह फक्त यूईएफआय संगणकावर चालेल. ही माझी चौथी चूक होती, तिच्याकडे पुढे येऊच.

स्टार्ट दाबल्यावर रुफस विचारतो, आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने? आधी आयएसओ निवडा. नाहीच चालला तर पुन्हा लिहिताना डीडी करून पाहा. डीडी पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की 'फॉरमॅट करायचा का?' असं विचारलं जाऊ शकतं. तिथे नाही म्हणा, नाहीतर केलेली मेहनत पुसली जाईल.

खेड्यात नेट मध्येच तुटतं आणि फाइल अर्धवट उतरते. साइटवर दिलेला फाइलचा आकार आणि आपल्याकडे उतरलेला आकार जुळतो का ते पाहा. त्याहून पक्की खात्री म्हणजे चेकसम. साइटवर अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ दिलेली असते. रुफसमध्ये आयएसओ निवडण्याच्या बटणाशेजारीच चेकसम काढायचं छोटं बटण आहे. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या आल्या तर फाइल शाबूत.

प्रश्न पहिला : पेनड्राइव्ह यादीतच दिसत नाही

यादी बघायची कशी? संगणक पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह आधी लावा, मग बटण दाबा. चालू झाल्यावर लावलेला पेनड्राइव्ह कुलूप उघडणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याची तपासणी होऊन गेलेली असते. बटण दाबल्याबरोबर बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा. एकदा दाबून वाट बघू नका. मी कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत थांबायचे आणि प्रत्येक वेळी गाडी सुटलेली असायची.

कळा साधारण अशा:

- डेल : एफ १२
- एचपी : एस्केप, मग एफ ९
- लेनोवो : एफ १२, काही लॅपटॉपवर कडेला नोव्हो नावाचं बारीक बटण
- एसर : एफ १२
- असूस लॅपटॉप : एस्केप
- असूस मदरबोर्ड : एफ ८
- गिगाबाइट मदरबोर्ड : एफ १२
- एमएसआय मदरबोर्ड : एफ ११

दुकानातून जोडून घेतलेल्या संगणकाला कंपनीचं नाव नसतं. तिथे मदरबोर्डचं नाव बघायचं. सुरू होताना स्क्रीनच्या खालच्या बाजूला कोणती कळ दाबायची ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. घाईने जातं, तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि थांबवून वाचा. ही युक्ती माझ्या विद्यार्थ्याने सुचवली!

तरीही पेनड्राइव्ह दिसत नसेल तर या क्रमाने तपासा:

१. पोर्ट बदला. डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट आतून एका वायरने जोडलेला असतो, ती सैल होते. मागचा पोर्ट वापरा, तो थेट मदरबोर्डवर असतो. निळा पोर्ट यूएसबी ३ चा असतो. काही जुने बायोस त्याच्यावरून सुरू करू शकत नाहीत, म्हणून काळा पोर्ट घ्या. माझा पेनड्राइव्ह इथेच अडला होता. मागे लावताच यादीत नाव आलं.

२. कीबोर्ड बघा. वायरलेस कीबोर्ड इतक्या सुरुवातीला काही वेळा जागाच झालेला नसतो. वायरचा साधा कीबोर्ड मागे लावा. लॅपटॉपवर एफच्या कळांसोबत एफएन कळही दाबावी लागू शकते.

३. फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी संगणक पूर्ण झोपत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून काही भाग डिस्कवर जपून ठेवतो. कधीकधी त्यामुळे कळ दाबायला वेळच मिळत नाही. विंडोज उघडत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा. निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' असा पर्याय आला तर तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

४. सेटअपमध्ये जा. डेलला एफ २, एचपीला एफ १०, पुष्कळ मदरबोर्डना डिलीट. तिथे यूएसबी बूट बंद असेल तर चालू करा. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'एफ १२ बूट मेनू' आधी सेटअपमध्ये चालू करावा लागतो. जुन्या बायोसमध्ये आणखी एक गंमत असते. पेनड्राइव्ह यूएसबीच्या रकान्यात न दिसता हार्ड डिस्कच्या रकान्यात लपलेला असतो. 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' उघडा आणि तिथे त्याला वर आणा.

५. दर वेळी सेटिंग पुसलं जातंय? तारीखही जुनीच दाखवतोय? मग मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संगणकाची वायर काढून तो बदलायचा. तारीख चुकीची असली की वेबसाइटही उघडत नाहीत, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. बऱ्याच शाळांत नेट खराब समजलं जातं आणि दोष या सेलचा निघतो.

प्रश्न दुसरा : यादीत दिसतो, पण सुरू होत नाही

पेनड्राइव्ह निवडला आणि काळी स्क्रीन, नुसतं चमकणारं बारीक चिन्ह. किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस', 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम', 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असा संदेश. अर्थ एकच. पाहुणा गट आला, पण त्याला परिपाठ कसा घ्यायचा ते माहीत नाही, किंवा तो आपल्या शाळेच्या भाषेत बोलत नाही.

कारण एक: आयएसओ नुसती कॉपी केली आहे. उपाय वर सांगितलाच.

कारण दोन: भाषेचा घोळ. पेनड्राइव्ह जीपीटी पद्धतीने फक्त यूईएफआयसाठी बनवलाय आणि संगणकाला जुनं बायोसच कळतं. माझा घोळ हाच होता. रुफसमध्ये एमबीआर करून पुन्हा लिहिला आणि मिंटचा मेनू समोर आला. उलटही होतं. अलीकडच्या अनेक लॅपटॉपना फक्त यूईएफआय कळतं, जुन्या पद्धतीचा पेनड्राइव्ह ते घेत नाहीत. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नावापुढे यूईएफआय लिहून आणि एकदा नुसता, तर गोंधळू नका. एक चालला नाही तर दुसरा निवडून पाहा.

कारण तीन: सिक्युअर बूट. हा नव्या संगणकातला पहारेकरी. ओळखपत्र नसलेल्या प्रणालीला तो आत येऊ देत नाही आणि सही किंवा सुरक्षेबद्दलचा संदेश दाखवतो. मिंट, उबंटू यांच्याकडे ओळखपत्र असतं, म्हणून ते बहुधा अडत नाहीत. छोट्या प्रणाली अडू शकतात. मग सेटअपमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा लागतो.

पण थांबा! पालकांसाठी ही सूचना विशेष महत्त्वाची. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप चालू असू शकतं. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. आधी ती शोधून कागदावर लिहून ठेवा, मगच सेटिंगला हात लावा. की नसताना विचारणा झालीच तर सेटिंग पूर्वीसारखं करून पाहा. लिनक्समधूनही बिटलॉकरची डिस्क ही की दिल्याशिवाय उघडत नाही.

कारण चार: ३२ आणि ६४ बिटचा फरक. फार जुन्या संगणकाचा प्रोसेसर ३२ बिटचा असतो. त्याच्यावर ६४ बिटची प्रणाली लावली की 'एक्स ८६-६४ प्रोसेसर हवा, सापडला आय ६८६' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं. इतका स्पष्ट संदेश दुसरा नाही! ३२ बिटची प्रणाली आता थोड्याच ठिकाणी मिळते. उबंटूने तर २०१७ मध्येच ३२ बिट डेस्कटॉपची आयएसओ देणं बंद केलं. अँटीएक्सची ३२ बिट आवृत्ती अशा वेळी उपयोगी पडते. कोअर टू ड्युओ प्रोसेसर असेल तर हा प्रश्न येत नाही.

प्रश्न तिसरा : सुरू होतं, पण मध्येच अडतं

मेनू दिसला, मिंट निवडलं, आणि स्क्रीन काळी झाली. बरेचदा हा ग्राफिक्सचा रुसवा असतो. मिंटच्या त्याच मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असतो, उबंटूत 'सेफ ग्राफिक्स'. तो निवडून पाहा. चित्र जरा ओबडधोबड दिसेल, पण आपल्याला फाइल काढायच्या आहेत, सिनेमा बघायचा नाही.

दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर संशय रॅमवर किंवा पेनड्राइव्हवर. वायर काढून, रॅमची पट्टी हळूच काढून, तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून पुन्हा बसवा. भुकटी झटका. आमच्याकडच्या धुळीत हा इलाज आश्चर्यकारकरीत्या लागू पडतो. दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर फाइल अर्धवट उतरली असावी. चेकसम बघा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पुन्हा लिहा. स्वस्तातले काही पेनड्राइव्ह वरून १६ जीबी आणि आतून भलतेच असतात.

आणि एक साधी गोष्ट: धीर. जुन्या संगणकावर यूएसबी २ च्या पोर्टवरून मिंट उघडायला पाच-सात मिनिटंही लागू शकतात. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. मी एकदा तिसऱ्या मिनिटाला वैतागून बटण दाबून बंद केला होता. पुढच्या वेळी चहा करून आले, तोवर उघडला होता.

आता कपाट उघडायचं

मिंटचा डेस्कटॉप समोर आला की त्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. त्याला आत्ता हात लावायचा नाही! ते दाबून पुढे पुढे गेलात तर हार्ड डिस्क पुसली जाऊ शकते. मुलं जवळ असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा.

फाइल्सचं फोल्डर उघडा. डाव्या बाजूला आपली हार्ड डिस्क दिसेल. तिच्यात युजर्स, त्यात आपलं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. विंडोजचा पासवर्ड विसरला असलात तरी, कुलूप नसेल तर, फाइल दिसतात. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. आपला संगणक कोणाच्याही हाती पडला तर मुलांची माहिती अशीच वाचता येते. दुकानात देताना हे विसरू नका.

डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, असं सांगितलं तर घाबरू नका. विंडोज अर्धवट झोपलेलं असल्याने लिनक्स काळजी घेतं. आपल्याला वाचून कॉपीच करायचं आहे. दुसरा पेनड्राइव्ह लावा आणि कॉपी करा. सगळ्यात मोलाचं सगळ्यात आधी. खराब होत चाललेली डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, तेव्हा सिनेमे आणि सेटअप फाइल शेवटी.

'इनपुट-आउटपुट एरर' आली तर तो भाग डिस्कवरून वाचता येत नाहीये. त्या फाइलवर अडून बसू नका, बाकीच्या आधी काढा, मग तिच्याकडे परत या. डिस्क मधूनच टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करा. तिथे घरगुती उपाय नकोत, डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच जावं.

हार्ड डिस्क यादीत दिसतच नसेल तर? डेस्कटॉप असेल तर वायर काढून, आतली डिस्कची केबल काढून घट्ट लावून पाहा. तरीही नाही दिसली तर बिघाड विंडोजचा नाही, डिस्कचा आहे. हेही कळणं महत्त्वाचं, कारण मग फॉरमॅटचे पैसे देऊन उपयोग नाही. आणि डिस्क एकदम ठणठणीत असेल तर नुसतं विंडोज बिघडलंय, संगणक टाकाऊ झालेला नाही.

सेटिंग बदलण्याआधी एक सवय लावा

सेटअपमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. लेगसी आणि यूईएफआय बदलून ठेवलं आणि विसरलं की चांगलं असलेलं विंडोजही दुसऱ्या दिवशी उघडत नाही. मग वाटतं आपणच संगणक बिघडवला. फोटो असला की जसं होतं तसं करता येतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग तपासून पाहा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना हेच सांगतो ना?

काम झालं की मेनूतून शट डाउन करा, पेनड्राइव्ह काढा, बूट ऑर्डर पूर्वीसारखी करा.

मग ओव्यांचं काय झालं?

११ पैकी ९ फाइल पहिल्याच फटक्यात आल्या. दोन ठिकाणी एरर आली. बाकी सगळं काढून झाल्यावर पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा एक आली. एक आलीच नाही. नशिबाने त्या आजींची ओवी आलेल्यांत होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरच्या मोबाईलवर टाकून दिली. जी गेली तिच्या आजी गावातच आहेत. मुलांना पुन्हा त्यांच्याकडे पाठवलं. आजी म्हणाल्या, "येवढ्यात हरवली व्हय? बसा, पुन्हा म्हणते." सगळ्यांच्या नशिबी असं पुन्हा म्हणणारं माणूस नसतं, म्हणून आता प्रत्येक फाइल मी दोन ठिकाणी ठेवते आणि दर सत्राच्या शेवटी तपासते.

डिस्क खराबच होत होती. ती बदलली आणि नवीवर मिंटच टाकलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० सारख्या अटी असल्याने आपल्या शाळांतले बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. म्हणून ते लगेच निर्लेखनाच्या यादीत जायला हवेत असं नाही. टक्सपेंट आणि जीकॉम्प्रिस चालवायला आमचा म्हातारा अजून खंबीर आहे.

तेव्हा डेडस्टॉकमध्ये एखादा बंद संगणक असेल, किंवा घरी कोरोनाच्या काळात घेतलेला लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. पेनड्राइव्ह लावा आणि तीन प्रश्न विचारा. जमलं तर पाचवी-सातवीच्या मुलांना शेजारी बसवून करा. बंद पडलेली वस्तू टाकण्याआधी कुठे अडलंय ते शोधायचं, हा धडा त्यांना कुठल्याही तासाला उपयोगी पडेल.